आधी आंघोळीचे पाणी, मग तरणतलाव

कोकणात पाऊस सरत आला की डागडुजीचे दिवस सुरू होतात. अंगण चोपायचे, भिंतींवरचे शेवाळ खरवडायचे, रंगाचा एक हात फिरवायचा, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पण दिवेआगरपासून देवबागपर्यंत ज्या घरांच्या फाटकावर ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी लागली आहे, तिथे या दिवसांत आणखी एका विषयावर खल चालतो. यंदा नवीन काय करायचे? कोणी म्हणतो, दोन खोल्यांना एसी बसवू. मुंबईतला भाऊ फोनवरून सांगतो, तरणतलाव नसेल तर हल्ली कोणी विचारत नाही. कॉलेजातली मुलगी म्हणते, आधी वायफाय घ्या. हाताशी असतात दीड-दोन लाख रुपये, नाहीतर बँकेचे कर्ज. घरातली बाई मात्र वेगळेच काही सांगत असते: मागच्या दिवाळीत सकाळच्या आंघोळीला पाणी पुरले नव्हते, आणि शेवटी चुलीवर हंडे चढवावे लागले होते. तिचे म्हणणे सहसा शेवटी ऐकले जाते. ते सर्वांत आधी ऐकावे, असे आमचे मत आहे.

हा क्रम उलटा पडतो त्याला कारण आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. पाहुणा आता घर शोधतो मोबाईलवर. तारखा टाकल्या की तो एसी, पार्किंग, वायफाय, तरणतलाव अशा चौकटींवर खुणा करत जातो. ज्या घराने त्या चौकटीपुढे ‘आहे’ असे भरलेले नाही, ते घर त्याच्या नजरेलाच पडत नाही. मग तिथली सोलकढी कितीही चांगली असो. त्यामुळे काही सोयी निव्वळ दिसण्यासाठी लागतात, हे मान्य करायला हवे. घरमालकांना फोटोची हाव सुटली आहे अशी टीका करणे सोपे आहे. ज्याच्या खोल्या जानेवारीच्या मधल्या वारी रिकाम्या राहतात, त्याला ती टीका परवडत नाही.

मात्र खुणेसाठी घेतलेली सोय आणि पाहुण्याच्या प्रत्यक्ष उपयोगाला येणारी सोय यांत बरेच अंतर असते. एअरबीएनबी या कंपनीचा आरंभ येथे आठवण्याजोगा आहे. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका परिषदेमुळे हॉटेले भरून गेली होती. घरभाड्याची चणचण असलेल्या दोन तरुणांनी आपल्या जागेत हवा भरायच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले आणि सकाळची न्याहारी दिली. गादी आणि न्याहारी, एवढ्यावर भागले, कारण गावात दुसरीकडे जागाच नव्हती. आपल्याकडे ३१ डिसेंबरला किंवा दिवाळीच्या आठवड्यात तीच स्थिती असते; गणपतीपुळ्यात त्या दिवसांत पडवीतली गादीसुद्धा भाड्याने जाते. म्हणून गर्दीच्या दिवसांतला धंदा पाहून कोणती सोय कामाची, याचा निष्कर्ष काढू नये. पाहुण्याला निवड करायला वाव असतो तो नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या साध्या आठवड्यांत. तेव्हा तो कोणाकडे जातो आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांदा कोणाकडे येतो, हे पाहावे.

येतो तरी कोण? कोकणातल्या घरगुती निवासाचा नेहमीचा गिऱ्हाईक म्हणजे एका गाडीतून आलेली तीन पिढ्यांची सहल. आजी-आजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडे. पुण्याहून पहाटे निघून कुंभार्ली किंवा ताम्हिणी घाट उतरून ही मंडळी दुपारी पोचतात, तेव्हा त्यांना लागते काय? स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी, चहा आणि पाठ टेकायला पलंग. आजोबांचे गुडघे दुखतात म्हणून कमोड हवा आणि त्याच्या बाजूला भिंतीत घट्ट बसवलेली धरायची दांडी हवी. या दांडीला खर्च काहीशे रुपयांचा. तिचा फोटो कोणी काढत नाही, पण ती नसलेल्या न्हाणीघरात आजी पडली तर ती सहल तिथेच संपते. चिरेबंदी घरांत मागाहून बांधलेल्या न्हाणीघरांचा उंबरठा बऱ्याचदा उंच आणि फरशी गुळगुळीत असते. ती फरशी उखडून खरबरीत घालणे हे यंदाच्या यादीत पहिल्या तीनांत असावे.

आता त्या गरम पाण्याकडे वळू. पंधरा लिटरचा गीझर पाणी साठ अंशांपर्यंत तापवतो असे धरू. हिवाळ्यात टाकीतले पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असते. आंघोळीला सोसेल असे चाळीस अंशांचे पाणी करायचे तर एका तापवणीतून साधारण पस्तीस लिटर मिळते, म्हणजे दोन बादल्याही धड नाहीत. दोन किलोवॅटचा गीझर पुन्हा तेवढाच तापायला अठरा-वीस मिनिटे घेतो. सहा माणसे, प्रत्येकी एक बादली, शिवाय एखादा शॉवरखाली उभा राहणारा नातू. सगळ्यांना नऊपर्यंत समुद्रावर जायचे आहे. हिशेब जुळत नाही, आणि शेवटची आंघोळ नेहमी त्या घरच्या सुनेची असते, गार पाण्याने. परतल्यावर अभिप्राय लिहायला बसते तीही बहुधा सूनच.

उपाय महाग नाहीत. गीझर घ्यायचाच तर पंचवीस लिटरचा घ्यावा. छपरावर सौर बंब बसवला तर पर्यटनाच्या हंगामाशी त्याचे चांगले जमते, कारण पाहुण्यांचे मुख्य महिने म्हणजे ऑक्टोबर ते मे, आणि या महिन्यांत कोकणात उन्हाला तोटा नाही. दिवसभर तापलेले पाणी चांगल्या टाकीत दुसऱ्या सकाळपर्यंत गरम राहते. पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी गीझर आहेच. ज्यांच्या परसात नारळाची सोडणे आणि करवंट्या ढिगाने पडतात, त्यांनी माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवून कल्हईवाल्याकडे द्यायला हरकत नाही. शहरातल्या मुलांना बंबात करवंटी घालण्याचे जे अप्रूप असते ते कोणत्याही खेळण्याचे नसते. (धूर मात्र खोलीत येणार नाही अशा बेताने तो ठेवावा.)

विजेचे गणित याहून अवघड आहे. दीड टनाचे दोन एसी, दोन गीझर आणि विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप एकाच वेळी चालू झाला तर भार पावणेआठ किलोवॅटच्या घरात जातो. जुन्या घराच्या जोडणीचा मंजूर भार बहुतेकदा याच्या निम्माही नसतो. एसी विकणारा हे सांगत नाही. ते कळते ते मे महिन्यातल्या शनिवारी रात्री, मुख्य फ्यूज उडाल्यावर. भार वाढवून घेण्याचा अर्ज, जाड वायर, अर्थिंग हा सगळा खर्च एसीच्या किमतीतच धरायला हवा. आणि वीजच गेली तर? कोकणात ती जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळले, तेव्हा कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते येऊन गेले. ही टोकाची उदाहरणे झाली, पण वळवाच्या पहिल्या सरीला तारेवर फांदी पडणे हे तर दरवर्षीचेच. अशा रात्री दोन एसींचे घर आणि एकही एसी नसलेले घर यांत फरक उरतो तो इन्व्हर्टरचा. दीडशे अँपिअर-तासांच्या एका बॅटरीतून प्रत्यक्षात बाराशे वॅट-तासांच्या आसपास वीज हाती लागते. जुन्या पद्धतीचे पंचाहत्तर वॅटचे चार पंखे, चार दिवे आणि वायफायचे यंत्र चालवले तर ती तीन-साडेतीन तासांत संपते. तेच पंखे तीस-बत्तीस वॅटचे बीएलडीसी घेतले तर सहा तासांहून जास्त पुरते, म्हणजे रात्र निघते. चार नवे पंखे एका एसीच्या निम्म्या पैशांत येतात.

एसी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. मे महिन्यात पुण्याहून येणाऱ्याला दमट हवेची सवय नसते, आणि लहान मूल रात्रभर रडले तर कोणाचीच सुट्टी होत नाही. पण हेही पाहावे की एसीची गरज आपणच किती निर्माण केली आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगलोरी कौले असलेले मूळ घर रात्री निवते. पाहुण्यांसाठी म्हणून बाजूला जी नवी खोल्यांची ओळ उठवली जाते, ती असते स्लॅबची, कमी उंचीची, एका बाजूच्या खिडकीची. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. मग तिला एसी लावावाच लागतो. जे आता बांधणार आहेत त्यांनी स्लॅबवर पत्र्याची किंवा कौलांची उतरती शेड आणि समोरासमोर खिडक्या एवढे केले तरी तीनपैकी एका खोलीला एसी पुरतो. खिडक्यांना जाळ्या आणि पलंगांना मच्छरदाण्या, हे मात्र प्रत्येक खोलीला.

तरणतलावाबद्दल आम्ही इतके सौम्य राहू शकत नाही. कर्जत, लोणावळा, अलिबाग या मुंबईच्या उंबऱ्यावरच्या भागांत तलावाशिवाय बंगला भाड्याने जात नाही, हे खरे. तिथे येणारा बारा-पंधरा मित्रांचा गट घराबाहेर पडतच नाही. त्याला तलाव हीच सहल. पण गुहागरला, आंजर्ल्याला किंवा वेंगुर्ल्याला चार खोल्यांच्या घरापासून चालत समुद्र असताना, तिथे तीच नक्कल कशासाठी? वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि चार फूट खोल असा छोटासा हौद भरायला साडेबावीस हजार लिटरच्या वर पाणी लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही कोकणातल्या कित्येक वाड्यांच्या विहिरी एप्रिलअखेर तळ गाठतात, आणि नेमका तोच हंगामाचा कळस. मग टँकर. गाळणी, क्लोरीन, तळ घासणारा माणूस हे निराळेच. शेजारच्या आवाठातल्या बायका डोक्यावरून पाणी आणत असताना आपल्या अंगणात निळा हौद भरलेला असणे गावात कसे दिसते, हेही मालकाने विचारात घ्यावे. त्याला वर्षभर त्याच गावात राहायचे असते. शिवाय देखरेखीवाचून असलेल्या चार फूट पाण्यात सहा वर्षांचे मूल बुडू शकते.

समुद्र फुकट आहे, पण त्याच्या बाबतीत घरमालकाने करण्याजोगी एक गोष्ट आहे आणि ती क्वचितच केलेली दिसते. ओटीवर एक फळा टांगावा आणि त्यावर रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा लिहाव्यात. त्या रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. कोळीवाड्यात कोणीही तोंडपाठ सांगेल. किनाऱ्याच्या कुठल्या टोकाला ओढ आहे, कुठे खडक आहेत, कुठे पोहायचे नाही, हेही त्यावर असावे. पाण्याची सवय नसलेला शहरातला माणूस ओहोटीच्या वेळी आत जातो आणि ओढला जातो, अशा बातम्या दर हंगामात येतात. खडूने लिहिलेल्या चार ओळी ही खरीखुरी सोय आहे.

घराबाहेरचे आकर्षण भक्कम असेल तर घरात किती कमी सोयींवर भागते, हे मंडणगड तालुक्यातल्या वेळासने दाखवून दिले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, आणि पुढे पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला लोक येऊ लागले. ते राहतात गावकऱ्यांच्या घरी. माजघरात ओळीने गाद्या, सामाईक न्हाणीघर, केळीच्या पानावर किंवा ताटात भात-आमटी आणि कधी उकडीचे मोदक. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. म्हणून तिथली सर्वांत मोलाची सोय म्हणजे पाहुण्याला वेळेवर उठवणे, काळोखात कपभर चहा देणे आणि किनाऱ्याची वाट दाखवायला सोबत येणे. पिल्ले त्या दिवशी निघाली नाहीत तरी अशा घराविषयी पाहुणा कुरकुरत नाही. अर्थात वेळास सर्वत्र नसते. पण प्रत्येक गावात काहीतरी असते: हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव, पोफळीच्या बागेत शिपणे चालू असताना मारलेली फेरी, आंब्याच्या हंगामात पेट्या भरण्याचे काम. ते पाहुण्यापर्यंत पोचवणारा माणूस घरात असणे हे टीव्हीपेक्षा मोलाचे. टीव्ही आहे त्या घरांतही तो सहसा क्रिकेटपुरताच लागतो.

वायफायचा मुद्दा थोडक्यात. २०२० नंतर लॅपटॉप घेऊन आठ-दहा दिवस राहणारा पाहुणा वाढला आहे आणि तो मधल्या वारी येतो, म्हणून तो हवाच. त्याला चालू इंटरनेट, टेबल आणि पाठीला आधार देणारी खुर्ची लागते. खोलीत रेंज कोणत्या कंपनीची येते आणि कोणत्या कोपऱ्यात येते, हे आधीच सांगून टाकावे.

गाडीच्या चालकाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्याच्याबद्दल कोणत्याच यादीत काही नसते. मोठे कुटुंब येते ते भाड्याच्या गाडीने. मंडळी खोल्यांत जातात आणि चालक गाडीतच, काचा अर्ध्या उघड्या ठेवून, डासांत झोपतो. दुसऱ्या दिवशी तोच घाट चढवणार असतो. पडवीच्या टोकाला एक खाट, पंखा, मच्छरदाणी, फोन लावायला प्लग, बाहेरचे न्हाणीघर आणि घरच्यासारखेच ताट, एवढे त्याला मिळाले तर त्या कुटुंबाचा परतीचा प्रवास सुखरूप होण्याची शक्यता वाढते. आणि धंद्याच्या भाषेतच सांगायचे तर चालक वर्षभर पाहुणे घेऊन हिंडत असतात. ‘दादा, गुहागरात कुठं राहायचं?’ हा प्रश्न पहिल्यांदा त्यांनाच विचारला जातो. आम्हाला वाटते, चालकाची खाट ही कोकणातली सर्वांत स्वस्त जाहिरात असावी.

एकट्या किंवा मैत्रिणींसोबत येणाऱ्या स्त्रिया आता वाढत आहेत. त्यांना लागते ती आतून घट्ट लागणारी कडी, न्हाणीघराच्या खिडकीला धूसर काच, फाटकापासून खोलीपर्यंत दिवा, आणि घरात एखादी बाई आहे ही खात्री.

या बाईचा विचार सोयींच्या चर्चेत शेवटी येतो, हे सगळ्यात खटकते. प्रत्येक सोयीमागे कोणाचे तरी हात राबतात, आणि घरगुती निवासात ते बहुतेक तिचेच असतात. पांढऱ्याशुभ्र चादरी फोटोत छान दिसतात. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर त्या वर्षभरात पिवळ्या पडतात, आणि पावसाळ्यात चार चार दिवस वाळत नाहीत. पलंगागणिक तीन जोड असल्याशिवाय रोज चादर बदलण्याचे वचन देऊ नये. पावसाळी पाहुणे घ्यायचे तर चार. गडद रंगाचे सुती पंचे आणि टॉवेल ठेवले तर घासणे कमी होते. ‘जेवण हवे तेव्हा, हवे ते’ असे लिहिणे म्हणजे पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत चुलीपाशी उभे राहण्याचा करार. दुपारचे जेवण सकाळच्या न्याहारीलाच विचारून घ्यावे, मासळी बाजारात जी मिळेल ती मिळेल असे आधीच सांगावे, सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांसाठी एक शाकाहारी बेत ठरलेला असावा. पाहुणे याला नाराज होत नाहीत. नाराज होतात ते कबूल केलेले पापलेट बांगड्यावर आले की.

जाहिरातीतला खरेपणा हीही निवडच आहे. समुद्र दिसतो म्हणून लिहायचे आणि तो गच्चीवरच्या टाकीवर चढल्यावर माडांच्या फटीतून दिसायचा, हे थांबवावे. ‘समुद्र चालत दहा मिनिटांवर. एसी एकाच खोलीला. वीज गेल्यास पंखे-दिवे सहा तास. तरणतलाव नाही.’ असे स्पष्ट लिहिणाऱ्या घराकडे चुकीचे गिऱ्हाईक येत नाही, आणि चुकीचे गिऱ्हाईक न येणे हा चार खोल्यांच्या धंद्यात मोठा फायदा असतो.

राहिला प्रश्न सरकारचा. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ साली. त्यानंतर ‘न्याहारी व निवास’ योजनेची नोंदणी आली, २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आले, २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण आले आणि त्यात महिला उद्योजकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा ठेवला गेला. पैसा उपलब्ध होतो आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र तो कशावर खर्च व्हावा हे सांगणारा कोणी नाही. नोंदणीसाठी पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने खोल्या आणि खाटा मोजल्यावर परसातल्या विहिरीचाही अंदाज घ्यावा: मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिला किती हात पाणी असते, सांडपाणी कुठे जाते, शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे, मंजूर वीजभार किती. बँकेनेही कर्जाच्या अर्जासोबत तरणतलावाचे अंदाजपत्रक आले तर त्याआधी हेच चार प्रश्न विचारावेत. आणि व्याजाचा परतावा द्यायचाच असेल तर सौर बंब, इन्व्हर्टर, पावसाच्या पाण्याची साठवण आणि धरायच्या दांड्या असलेले न्हाणीघर यांना त्यात अग्रक्रम मिळावा, अशी तरतूद पर्यटन संचालनालयाने पुढच्या हंगामाआधी करायला हवी.